पात्यांची गुणपत्रिका

दाढीच्या पात्यांची तुलना करणाऱ्यांचा एक नवा वर्ग आपल्या सुशिक्षित समाजात उदयाला आला आहे. पूर्वी हीच मंडळी बासमती आणि आंबेमोहोर यांच्या तारतम्यावर बोलत असत, मग कॉफीवर बोलू लागली, आणि आता दुधारी पात्यावर बोलतात. बोलण्याला आमची हरकत नाही. ज्या वस्तूशी माणसाचा रोज सकाळी थेट कातडीचा संबंध येतो, तिच्याविषयी त्याने बोलू नये तर कशाविषयी बोलावे? आमची हरकत आहे ती त्या बोलण्याच्या शेवटी हटकून निघणाऱ्या गुणपत्रिकेला. जपानी पाते पहिले, रशियन दुसरे, तुर्की मवाळ म्हणून तिसरे, आणि आपली देशी पाती ‘सलूनसाठी ठीक’ अशा शेऱ्यासह काठावर पास. पुण्यातील औंध येथे एका स्नेह्यांच्या दिवाणखान्यात ही गुणपत्रिका आम्हांला साग्रसंगीत ऐकवण्यात आली, आणि परत येताना आम्ही ठरवले की याला उत्तर दिलेच पाहिजे.

वाद घालायचा तर आधी पूर्वपक्ष प्रामाणिकपणे मांडावा ही आपली जुनी शिस्त आहे, तेव्हा तो मांडतो. पात्यापात्यांत फरक असतो, हे खरे आहे. ‘सगळी पाती सारखीच, उगाच चोचले’ असे म्हणणारे जे दुसऱ्या टोकाचे लोक आहेत, ते आमचे मित्र नव्हेत. दुधारी पाते म्हणजे सुमारे ०.१ मिलिमीटर जाडीची, क्रोमियम मिसळलेल्या गंजरोधक पोलादाची पट्टी. ती तापवून एकदम थंड करून कठीण करतात, मग तिच्या दोन्ही कडांना घासून धार आणतात. त्या धारेवर क्रोमियम, प्लॅटिनम अशा एखाद्या धातूचा अतिसूक्ष्म थर चढवतात, आणि सर्वांत वर टेफ्लॉनच्या जातीचा एक निसरडा लेप भाजून बसवतात. पोलाद कोणते, घासणीचा कोन किती, लेप किती पातळ आणि किती सारखा बसला, यांपैकी प्रत्येक ठिकाणी कारखान्याकारखान्यांत फरक पडतो आणि तो गालाला कळतो. फेदर या जपानी पात्याची ख्याती अतितीक्ष्ण म्हणून आहे आणि डर्बी या तुर्की पात्याची मवाळ म्हणून आहे. दोन्ही ख्याती निराधार नाहीत. १९६२ साली विल्किन्सन स्वोर्ड या इंग्रज कंपनीने लेप दिलेले गंजरोधक पाते बाजारात आणले, तेव्हा जिलेटसारख्या बलाढ्य कंपनीला धावाधाव करून पुढच्याच वर्षी आपले पाते आणावे लागले. सगळी पाती सारखीच असती, तर ही धावाधाव कशासाठी झाली असती?

इथवर आम्ही स्नेह्यांच्या पंक्तीला आहोत. आमचे भांडण पुढे सुरू होते.

महाराष्ट्रात औंध दोन आहेत. एक पुण्याचे, ज्याचे नाव काढताच आता सदनिकांचे भाव आठवतात. दुसरे सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यातले, यमाईच्या डोंगराच्या पायथ्याचे, पंतप्रतिनिधींचे. ज्या चिमुकल्या संस्थानाने १९३९ साली आपल्या प्रजेच्या हाती राज्यकारभार सोपवला, ज्याच्या संग्रहालयात रविवर्म्याच्या चित्रांबरोबर हेन्री मूरचे शिल्प नांदते, आणि ज्याचे तुकडे आज वेगवेगळ्या जिल्ह्यांत वाटले गेले आहेत, ते औंध. (पुण्यात ‘आम्ही औंधचे’ म्हटले की समोरचा लगेच ‘कुठल्या सोसायटीत?’ असे विचारतो. असो.) आमचे जुने घर या दुसऱ्या औंधात आहे. स्नेह्यांच्या गुणपत्रिकेतली पाती त्यांच्याकडूनच मागून घेऊन आम्ही एका हिवाळ्यात तिथे गेलो. मुक्काम बरा लांबला होता आणि दाढी तर रोजच करायची होती.

पहिल्याच सकाळी जपानी पात्याने आमच्या हनुवटीखाली दोन ठिकाणी रक्त काढले. हेच पाते पुण्यात लोण्यासारखे फिरले होते. पाते तेच, रेझर तोच, ब्रश तोच, साबण तोच, गाल तर तोच तो. बदलले होते फक्त पाणी. खटाव-माण हा अवर्षणाचा प्रदेश. घरात पाणी येते ते बोअरचे, आणि ज्याला आम्ही शाळेत ‘दुष्फेन पाणी’ असे नाव पाठ केले होते, ते हे पाणी. यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार साबणाशी गाठ बांधतात, आणि ज्याचा फेस व्हायचा त्याचा पांढरट साका होऊन वाटीच्या तळाशी बसतो. ब्रशावर जे उरते ते फेसासारखे दिसते, पण त्यात पाणी धरून ठेवण्याची ताकद नसते. गालावर लावून आरशात पाहीपर्यंत ते वाळू लागते. पुण्याच्या औंधात महापालिकेच्या नळाला धरणाचे मऊ पाणी येते, आणि त्या पाण्यात कोणत्याही साबणाचा दाट, ओला फेस होतो. स्नेह्यांनी जी गुणपत्रिका तयार केली, तिचा निम्मा भाग पात्यांची नव्हे, तर धरणाची परीक्षा होती.

हे एका सकाळच्या अनुभवावरून बोलणे बरे नव्हे, म्हणून आम्ही घरातल्या तिघा पुरुषांवर रीतसर प्रयोग केला. रीतसर म्हणजे असे, की पाते रेझरमध्ये बसवण्याचे काम आमच्या वहिनींकडे दिले. पात्यावर नाव छापलेले असते, पण ते रेझरच्या टोपीखाली झाकले जाते. तेव्हा आज कोणते पाते आहे हे दाढी करणाऱ्याला ठाऊक नसे, फक्त वहिनींच्या वहीत नोंद असे. चार प्रकारची पाती होती. त्यांत एक पाते ठाण्याच्या कारखान्यात बनलेले, गुणपत्रिकेत तळाला असलेले. प्रत्येक पाते प्रत्येकाने लागोपाठ चार दिवस वापरायचे, आणि दाढी झाल्यावर एक वाक्य लिहायचे.

वही उघडली त्या दिवशी जे दिसले, ते सांगताना आम्हांला थोडी लाजही वाटते. ज्या दिवशी आम्ही ‘निःसंशय जपानी’ असे लिहिले होते, त्या दिवशी ठाण्याचे पाते होते. आमच्या धाकट्या बंधूंना, ज्यांची दाढी विरळ आणि मऊ आहे, चारही पात्यांत फरक सांगता आला नाही. काकांची दाढी राठ, तारेसारखी. त्यांना फरक ठळक कळला, पण त्यांचा क्रम गुणपत्रिकेशी जुळला नाही, आणि आमच्याशीही नाही. तिघांत एकच गोष्ट समान निघाली: ज्या दिवशी बंबातले पाणी कडकडीत होते आणि अंघोळ आधी झाली होती, त्या दिवशीची सगळी वाक्ये कौतुकाची होती, पाते कोणतेही असो. केस पाणी पिऊन फुगला की मऊ पडतो, आणि त्याला दोन-तीन मिनिटे तरी लागतात. अंघोळ त्याला ती मिनिटे फुकट देते. पुढच्या खेपेला आम्ही पावसाचे साठवलेले पाणी उकळून फक्त फेसासाठी वापरले, तेव्हा हनुवटीखालचे रक्त थांबले. पाते पुन्हा जपानीच होते.

आणखी एक गोष्ट त्या वहीने शिकवली. पात्याचा पहिला दिवस आणि दुसरा दिवस एक नसतो. नव्या धारेवरचा लेप पहिल्या दाढीत काहीसा निघून जातो, म्हणून पुष्कळांना दुसरी दाढी पहिलीपेक्षा सुखाची वाटते. मग चौथी-पाचवी ओढू लागते. एका पात्याची एकच दाढी करून निकाल देणारा परीक्षक म्हणजे गायकाचा आलाप ऐकून उठून जाणारा श्रोता. ही ओढ कशाने येते, याविषयी २०२० साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेतल्या संशोधकांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात एक सुंदर निरीक्षण प्रसिद्ध केले. केस पोलादाहून सुमारे पन्नास पट मऊ, तरी तो पोलादाला बोथट करतो. कसा? धार सावकाश गोलसर होत जाते असे आपण समजत होतो. प्रत्यक्षात, पोलादाची आतली ठेवण सर्वत्र सारखी नसते, आणि केस कापला जाताना वाकला, तर विशिष्ट जागी धारेचा बारीकसा कपचा उडतो. म्हणजे पात्याचे आयुष्य पोलादावर जितके अवलंबून आहे, तितकेच ते केस कोणत्या कोनातून कापला गेला यावर, म्हणजे हातावर, अवलंबून आहे. हा हात गुणपत्रिकेत कुठे आहे?

हाताचा विषय निघाला म्हणून आम्ही बाजारपेठेतल्या सलूनमध्ये गेलो. खुर्च्या दोनच. मालकांचे वय साठीच्या पुढचे, आणि त्यांनी आयुष्यात जितकी पाती हाताळली असतील तितकी पुण्यातल्या सगळ्या परीक्षकांनी मिळूनही पाहिली नसतील. ते पाते कागदासकट चिमटीत धरून वाकवतात, कट्‌ असा आवाज होतो, दोन अर्धुके होतात. एक वस्तऱ्याच्या आकाराच्या दांडीत बसवतात, दुसरे पुढच्या गिऱ्हाइकासाठी ठेवतात. एक गिऱ्हाईक, एक अर्धुक, मग ते डब्यात. एड्सच्या भीतीने ही सवय गावोगाव पक्की केली आणि ती चांगलीच झाली. आता विचार करा. ज्या माणसाला प्रत्येक धार फक्त एकदाच वापरायची आहे, त्याला पाते किती दिवस टिकते याच्याशी काय देणेघेणे? त्याला हवी ती पहिल्याच दाढीला न ओढणारी, मधोमध सरळ तुटणारी, आणि परवडणारी धार. घरी दाढी करणाऱ्याची गरज याच्या उलट. त्याला पहिला दिवस थोडा खडबडीत चालतो, पण चौथ्या दिवशी पाते जिवंत असले पाहिजे. या दोन गरजांसाठी दोन वेगळी पाती ‘उत्तम’ ठरतील हे शेंबड्या पोरालाही कळावे. तरी ‘सलूनसाठी ठीक’ हा शेरा हिणवण्याच्या सुरात मारला जातो. सलूनसाठी ठीक असणे ही अवघड परीक्षा आहे. तिथे गाल रोज बदलतो: सकाळी उसाच्या फडातून आलेला रापलेला, दुपारी लग्नाला निघालेला कोवळा, संध्याकाळी सुरकुतलेला. आमच्या स्नेह्यांचे पाते आयुष्यभर एकच गाल पाहते.

आम्ही मालकांना विचारले, ‘काका, सगळ्यांत चांगलं ब्लेड कुठलं?’ त्यांनी आमच्या गालावरून उलटा हात फिरवला आणि म्हणाले, ‘तुमचं कातडं नाजूक हाय. तुम्ही उलटी मारू नका.’ प्रश्न पात्याचा होता, उत्तर कातड्याचे आले.

आणि इथे गुळगुळीतपणाचा मुद्दा आला. या नव्या रसिकांचा सारा अट्टहास एका शब्दाभोवती फिरतो: गाल आरशासारखा गुळगुळीत हवा. त्यासाठी एकदा सुलटी, एकदा आडवी, एकदा उलटी, अशा तीन फेऱ्या. उलट्या फेरीने केस कातडीच्या पातळीखाली कापला जातो हे खरे, पण ज्यांचे केस कुरळे आहेत त्यांच्या बाबतीत तोच केस पुढे कातडीच्या आत वळतो, आणि मानेवर पुटकुळ्या उठतात. मग त्यांना ‘आणखी धारदार’ पात्याची शिफारस केली जाते! आजाराला कारणीभूत असलेल्याच वस्तूची मात्रा वाढवण्याचा हा प्रकार आहे. संध्याकाळी पाच वाजता गालावर थोडी खरखर जाणवली, तर कोणाचे काय बिघडते?

बहुपाती काडतुसांविषयी आम्ही फार लिहीत नाही, कारण त्याबाबत आमचे आणि स्नेह्यांचे एकमत आहे. १९७१ साली दोन पात्यांचे आले, १९९८ साली तीन, २००६ साली पाच. पात्यांची संख्या वाढली तशी किंमत वाढली आणि गाल होता तेवढाच राहिला. दुधारी पाते काही रुपयांत मिळते, आणि ते कोणत्याही कंपनीच्या दुधारी रेझरमध्ये बसते. या समाईक मापामुळेच तर तुलना शक्य होते. काडतूस ज्याचे, दांडीही त्याचीच घ्यावी लागते.

पण एका गोष्टीवर आमचा खरा राग आहे, आणि ती पात्यांहून मोठी आहे. ही मंडळी ब्रश-साबण-दुधारी पाते या साऱ्याला ‘परंपरा’ म्हणतात. आजोबांची परंपरा, हरवत चाललेला पुरुषी विधी, वगैरे. आमचा सवाल असा: कोणाचे आजोबा? दुधारी पात्याचा रेझर विक्रीला आला तो १९०३ साली, अमेरिकेत. त्या पहिल्या वर्षी जिलेटचे ५१ रेझर आणि १६८ पाती खपली. आपल्याकडे तो घरोघर पोचायला आणखी कित्येक दशके गेली. त्याआधीच्या आपल्या परंपरेत श्मश्रू स्वतः करायची नसते, करवून घ्यायची असते. धोपटी घेऊन दारात येणारा न्हावी, त्याला सुगीला मिळणारे मूठपसा बलुते, ओसरीच्या कडेला उकिडवे बसणे, आणि नंतर त्याचा स्पर्श धुऊन टाकण्यासाठी अंघोळ. हात त्याचा, कसब त्याचे, विटाळही त्याचाच. परंपरा हवी असेल तर ही सगळी घ्या. पितळी वाटी आणि डुकराच्या केसांचा ब्रश एवढेच वेचून घेण्याला परंपरा म्हणत नाहीत, सजावट म्हणतात.

वस्तऱ्याला या महाराष्ट्रात इतिहास आहे. विधवांचे केशवपन करणारा हातही न्हाव्याचाच होता, आणि १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांनी सभा भरवून हे काम आपण करणार नाही असे ठरवले. शास्त्री-पंडितांचे वाद चालले होते तेव्हा ज्यांच्या हाती वस्तरा होता त्यांनी तो खाली ठेवला. दुसरीकडे, हाच वस्तरा गावाने अस्पृश्यांच्या गालापर्यंत पोचू दिला नाही. गांधींनी आत्मकथेत प्रिटोरियाची हकिकत सांगितली आहे: गोऱ्या न्हाव्याने त्यांचे केस कापायला नकार दिला, तेव्हा त्यांनी केस कापायचे यंत्र विकत घेऊन आरशासमोर स्वतःच कापले, मागची बाजू बिघडली, आणि कोर्टातले मित्र हसले. पण त्या न्हाव्याला त्यांनी दोष दिला नाही. आपण आपल्या न्हाव्यांना अस्पृश्यांची हजामत करू देत नाही, त्याचेच हे फळ, असे त्यांनी लिहिले. स्वतःची दाढी स्वतः करता येणे यात एक मुक्ती होती, आणि ती दोन्ही बाजूंची होती: ज्याला न्हावी शिवत नसे त्याची, आणि ज्याला दारोदार शिवावे लागे त्याचीही. त्या स्वस्त, कोणालाही विकत घेता येणाऱ्या, जात न विचारणाऱ्या पात्याची ही खरी थोरवी आहे. तिला ‘आजोबांचा विधी’ म्हणून मखरात बसवणे म्हणजे तिचा उलटा अर्थ लावणे होय.

याच संस्थानाच्या भूमीवर, कुंडल रोड स्टेशनाशेजारच्या माळावर, १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांना राजेसाहेबांनी जागा दिली आणि किर्लोस्करवाडी उभी राहिली. किर्लोस्करांचा लोखंडी नांगर सुरुवातीला शेतकरी घेत नसत. लोखंडाने जमीन विषारी होईल ही त्यांची भीती होती. ती भीती जाहिरातीने गेली नाही. कोणीतरी तो नांगर आपल्या शेतात घातला, शेजाऱ्याने बांधावरून पाहिले, मग त्याने घातला. काळ्या जमिनीत आणि मुरमाड जमिनीत तो वेगळा चालतो हेही त्यांना त्यातूनच कळले. ‘सर्वोत्तम नांगर कोणता’ अशी यादी कोणी छापली नव्हती, आणि छापली असती तरी बांधावरच्या माणसाने आधी तुझी जमीन कसली असे विचारले असते.

तेव्हा पुण्याच्या औंधातील आमच्या स्नेह्यांना विनंती आहे. तुलना अवश्य करा. पण पात्याच्या नावापुढे गुण लिहिण्याआधी पाणी कुठले ते लिहा, दाढी राठ की मऊ ते लिहा, रेझर कोणता, पाते कितव्या दिवशीचे, फेऱ्या किती, आणि कोणते पाते आहे हे तुम्हांला आधी ठाऊक होते की नाही, तेही लिहा. एवढे लिहिल्यावर जर जपानी पाते पहिले आले, तर ते तुमच्यासाठी पहिले आहे हे आम्ही आनंदाने मान्य करू. आम्ही स्वतः आता काय वापरतो असे विचाराल, तर पुण्यात एक आणि गावी दुसरे. नावे सांगत नाही, कारण सांगितली की तीच यादी होईल.

आणि एक रकाना वाढवा. सलूनमधून निघताना आम्ही मालकांना त्या अर्धुकांच्या डब्याविषयी विचारले. दुधाच्या भुकटीचा जुना पत्र्याचा डबा, झाकणाला खाच पाडलेली. तो भरला की ते झाकण ठोकून बंद करतात आणि दुकानामागच्या खड्ड्यात पुरतात, कारण पूर्वी उकिरड्यावर टाकलेल्या पात्याने कचरा उचलणाऱ्या बाईचा हात फाटला होता. आमच्या घरी वापरलेली पाती कुठे जातात, याचे उत्तर आम्हांला लगेच देता आले नाही. पूर्वी त्यांनी पेन्सिली तासल्या जात, शिवण उसवली जात; आता ती कागदात गुंडाळून कचऱ्याच्या पिशवीत जातात. परतल्यावर आम्ही एक डबा शोधून त्याच्या झाकणाला खाच पाडून घेतली आहे.